पाणबुड्याचं श्वसनकेंद्र

मी एका पाणबुड्याचं श्वसनकेंद्र. मुक्काम मानेच्या वर, मेंदूच्या अगदी बुडाशी. जागा बोटभरही नाही, पण जन्मापासून एक दिवस रजा घेतलेली नाही. ह्याचा पहिला ट्याहां मीच काढून घेतला.

गाणी सगळी हृदयावर लिहिली जातात. लिहा खुशाल. छातीला हुकूम जातो तो माझा. मी नसांतून इशारा धाडला की श्वासपटल खाली सरकतं, फासळ्या उचलल्या जातात, हवा आत येते. मालक जेवो, भांडो, घोरो, माझं काम चालूच.

श्वास रोखल्यावर जीव घुसमटतो तो प्राणवायू संपल्यामुळे, असं लोकांना वाटतं. चूक. रक्तात कार्बन डायऑक्साइड साठला की मी बोंब मारतो. प्राणवायूच्या तुटवड्याची वर्दी मला फार उशिरा मिळते. तिथेच घात झाला.

मालक बंदरात होड्यांचे अडकलेले नांगर सोडवायचा. पाठीवर हवेची टाकी नाही. कमरेला दोरी आणि धक्क्यावर ती धरून बसलेली मोठी बहीण. कुणीतरी त्याला शिकवलं, बुडीआधी भराभर मोठे श्वास घे, खाली जास्त वेळ टिकशील.

"भाता झालायस का रे?" ताईने विचारलं.

"तू दोरी धर, ताई. शहाणपण नंतर."

"नंतर ऐकायला वर ये म्हणजे झालं."

त्या भराभर श्वासांनी कार्बन डायऑक्साइड पार धुऊन निघाला. खाली नांगर खडकात रुतलेला. हा खटपट करत राहिला, प्राणवायू संपत गेला, आणि मी गप्प. मला कुणी खबरच दिली नाही. त्याला उलट हलकं वाटत होतं. मग शुद्धच गेली.

दोरी सैल पडली तशी ताईने ओढून काढलं. ओठ निळे. मीही विझत चाललो होतो. तिने त्याचं नाक दाबून तोंडाने हवा फुंकली. सहाव्या फुंकरीला प्राणवायू माझ्यापर्यंत पोचला आणि मी हुकूम सोडला. छाती आपणहून उचलली गेली. तो खोकला.

"मेल्या, परत ती फुसफुस केलीस तर दोरी मीच कापीन," ताई म्हणाली.

आता तो बुडीआधी शांत बसतो, नेहमीसारखा श्वास घेतो, लवकर वर येतो. एका नांगराला तीन बुड्या लागतात. होडीवाले कुरकुरतात. कुरकुरू देत.

माझं तोंड बंद करून कुणी शूर होत नाही. घुसमट हा माझा हुकूम आहे. तो आला की हातातलं काम टाका आणि वर या.