राखेच्या चकत्या

बॉयलरची टाकाऊ राख चिकणमातीत मळून, भट्टीत भाजून केमिस्ट प्रभाकरने गाळणीच्या चकत्या केलेल्या. बाळकुम गावच्या कारखान्याचं काळंकुट्ट सांडपाणी त्यांतून काचेसारखं नितळ गळलं, तेव्हा त्याला कोण आनंद झाला! गावातला गोमाजी कोळी तिथला वॉचमन. काल त्याच्यापुढे बादली ठेवून प्रभाकर फुशारकीने म्हणालेला, "बघा गोमाजीकाका, आता हे प्यायलाही हरकत नाही."

आज दुपारी त्याने लॅबचा टाइप केलेला रिपोर्ट वाचला. चकत्यांच्या राखेतलंच आर्सेनिक पाण्यात उतरलं होतं. मेल्या, कुणी सांगितलेली ती जीभ चालवायला? स्वतःलाच शिव्या घालत तो धावतच गेटवर गेला.

बादली अर्धी रिकामी होती. उरलेल्या पाण्यात एक मासा पोट वर करून तरंगत होता.

"तल्यातला मासा सोडून बघितलेला, सायेब. आमी कोली, पानी असंच पारखतो," गोमाजी पुटपुटला. "सकाली झ्याक पोहत व्हता."

प्रभाकरने बादली तिरकी करून पाहिली. "आणि बाकीचं पाणी?"

"आमची घरवाली मनुबाई कलशी भरून घरी घेऊन गेली. सूनबाईचे दिवस भरलेत ना, म्हनून चांगलं पानी तिलाच ठेवलंय. सकालपासून तेच पिते."