डोंगरावरचा काळा ठिपका

गुडवेगच्या पायाला भिंगरी लागली होती. शोधपथकाच्या गाडीपासून कुंपणापर्यंत आणि कुंपणापासून गाडीपर्यंत येरझाऱ्या घालून तिने बर्फात वाट पाडली. ईस्टरच्या सुट्टीत सगळं गाव स्की घेऊन डोंगर चढतं, पण तिचा भाऊ हालवर सकाळी एकटाच निघाला आणि ऊन कललं तरी परतला नाही. सत्तरीतला माणूस, त्याला अक्कल कुणी शिकवायची?

गाडीत बसून शेजारचा अस्लाक ड्रोन उडवत होता. ड्रोनचा कॅमेरा उष्णता टिपायचा. पडद्यावर गार बर्फ करडा, ऊबदार ते पांढरं. एक रेनडिअर दिसलं, ससे दिसले. हालवर नाही.

"या उतारावर कुणी नाही गं," अस्लाक म्हणाला. "अंधार पडायच्या आत पलीकडची दरी बघू."

"नीट बघ! त्याच्या स्कीच्या खुणा इथेच चढल्यात."

"माणूस असता तर दिव्यासारखा दिसला असता."

"आणि गार पडला असला तर?"

अस्लाकने ड्रोन दरीकडे वळवलं. तिला संताप आला.

"मेलाबिला नाही तो! जाड स्वेटर आहे, कॉफी आहे. ती चकचकीत पिशवीपण आहे. नको नको म्हणत होता, मीच कोंबली सामानात."

"कसली पिशवी?"

"आत शिरून बसायची. चंदेरी. अंगातली ऊब बाहेर जाऊ देत नाही."

अस्लाकचा हात थांबला. "बाहेर जाऊ देत नाही, मग कॅमेऱ्याला काय कप्पाळ दिसणार?"

गुडवेगचे डोळे भरले. जीव वाचावा म्हणून दिलेली पिशवीच त्याला लपवून बसली होती.

"थांब, रडू नकोस." अस्लाकने ड्रोन माघारी वळवलं. "ती पिशवी म्हणजे आरसा. आज आभाळ निरभ्र आहे, बर्फाहूनही गार. कॅमेऱ्याला तिच्यात ते गार आभाळच दिसणार. पांढरं नको शोधू, काळं शोध."

दोघं पडद्याला नाक लावून बसली. खडक, खडक, पुन्हा खडक. मग एका खडकाच्या कुशीत काळा ठिपका दिसला, भोवतीच्या बर्फाहून कितीतरी काळा. मघाशी खड्डा समजून त्यांनी तो सोडून दिला होता.

ड्रोन खाली उतरलं. ठिपका हलेना. गुडवेगने अस्लाकचा दंड इतका आवळला की तो कळवळला.

ड्रोनची घरघर ऐकून असेल, काळ्या ठिपक्याची एक कड उचलली गेली आणि आतून वाटोळं, पांढरंशुभ्र डोकं बाहेर आलं.

"टोपी कुठाय याची?" गुडवेग ओरडली आणि ढसाढसा रडायला लागली.