तिळाएवढी कोरडी जागा

राज्याची संस्कृती, भूगोल आणि इतिहास एकाच जाडजूड पुस्तकात कोंबायचं वरून ठरलं, आणि त्यातला मोठा नकाशा धाकटीच्या टेबलावर येऊन पडला. नकाशा तिच्या वडिलांच्या हातचा. याच कचेरीत त्यांनी तीस वर्षं मान मोडून काम केलं होतं. आता ते नव्हते. तिने फक्त फिकटलेले रंग पुन्हा भरायचे होते.

डोंगर झाले, किल्ले झाले, जुन्या राजधान्या झाल्या. घोडं अडलं ते धरणाच्या पाण्यात. निळ्याच्या मधोमध तिळाएवढा पांढरा ठिपका. तिने तीनदा रंग भरला, तीनदा तो ओघळून बाजूला झाला. ती जागा तिला चांगली ठाऊक होती. तिथे त्यांचं घर होतं. पाणी चढलं त्या दिवशी सगळे टेकडीवर पोहोचले, आणि मांजर राहिलं म्हणून ताई मागे पळाली. ती आलीच नाही.

"तिथे बेट आहे का?" साहेबांनी वाकून विचारलं.

"नाही."

"मग भरा की. चारला छापखान्याची गाडी येते. तुमच्या वडिलांचा हात मोठा, पण चूक ती चूक."

तिने नखाने खरवडून पाहिलं. मेण होतं. कागद कोरा ठेवायचा तिथे आधी मेण घासायचं, हे तिला बाबांनीच शिकवलेलं. म्हणजे ही चूक नव्हती. साहेब घड्याळ बघत डोक्यावर उभे होते. तिने पातं घेतलं, मेण काढलं, निळा भरला. या वेळी तो लगेच बसला.

संध्याकाळी आईने दार उघडलं. हातात टॉवेल होता.

"जपून ये, फरशी ओली आहे. थोरली आली आहे."

चाळीस वर्षांत आईने ताईचा विषय काढला नव्हता.

"आई, काय बोलतेस?"

"नुसती काकडली आहे गं. म्हणते, एवढीशी जागा होती पाय टेकायला, आज तीही गेली."

नकाशाबद्दल आईला कोणी कधीच काही सांगितलं नव्हतं. घरात मांजर नव्हतं, तरी आतून बारीकसं म्यांव ऐकू आलं.

"तुलाच विचारत होती," आई म्हणाली.

धाकटीने निळी बोटं पदरात लपवली.