तिसऱ्या रविवारी काय शिकवलं

केसाने गळा कापणं म्हणजे काय, ते मला चाळिशी उलटल्यावर कळलं. तेही शेजारच्या खुर्चीकडून.

छापखान्यात संगणकावर पानं लावायला आम्ही दोघी, मी आणि ताई. ताई माझी सख्खी बहीण नव्हे, पण अठरा वर्षं एकमेकींच्या डब्यातलं खाल्लं. सख्खीला काय वेगळी शिंगं असतात? छपाईची कामं आटली तेव्हा मालक म्हणाले, "आता आपण वेबसाइट करून द्यायच्या. दोघी शिका. महिन्याभराने दोघींचं काम बघतो. जिचं चांगलं, ती राहील."

म्हणजे एकीची नोकरी जाणार. माझ्या घरात मिळवती मी एकटीच. तरी मीच म्हटलं, ताई, मिळून शिकू.

रद्दीच्या दुकानातून मी दोन जाडजूड पुस्तकं आणली. घरी वाचायचं आणि जेवायच्या सुट्टीत ताईला समजवायचं. रंग कसा द्यायचा, मेनू कुठे बसवायचा, सगळं बोटाला धरून. पुस्तकं इतकी जुनी, की तेव्हा लोक फोनवर फक्त बोलायचे. म्हणून रविवारी वेबसाइट शिकवणाऱ्या कार्यशाळेलाही दोघी जायचो. तिसऱ्या रविवारी छापखान्यात तातडीचं काम निघालं. थांबायची पाळी ताईची. ती अगदी रडकुंडीला आली. म्हटलं, "जा तू. मी बसते कामाला. उद्या मला शिकव म्हणजे झालं."

दुसऱ्या दिवशी म्हणाली, "काही नाही गं, नुसती उजळणी घेतली."

माझी साइट तयार झाल्यावर तिने निरखून बघितली. "किती सुबक! आता अजिबात हात लावू नकोस."

मालकांनी ती आधी संगणकावर बघितली आणि खूश झाले. मग खिशातून फोन काढला. "गिऱ्हाईक यावरच बघणार ना?"

मी कागदावर मुरलेली बाई. पानाची रुंदी मोजूनमापून पक्की ठोकलेली. फोनवर अर्धा मजकूर पडद्याबाहेर गेला. मालक बोटाने पान इकडून तिकडे ओढत बसले. ताईची साइट मात्र फोनवर बेतून शिवल्यासारखी बसली. रंग, मेनू, सगळं मी शिकवलेलं. एवढंच सोडून.

"हे कुठे शिकलात?" मालकांनी विचारलं.

ताई पुटपुटली, "कार्यशाळेत. तिसऱ्या रविवारी."

माझी कानशिलं तापली. बाहेर नळापाशी मी तिला गाठलं.

"एका शब्दाने सांगितलं असतंस, ताई!"

"घाबरले गं. सांगितलं असतं तर तूच राहिली असतीस. आणि तू हुशार आहेस, तुला कुठेही काम मिळेल."

"हुशार? महामूर्ख आहे मी!"

ती रडायला लागली. डोळे पुसत म्हणाली, "खरं सांग, माझ्या जागी तू असतीस तर सांगितलं असतंस?"

"हो गं बये! सोमवारी आल्या आल्या सांगितलं असतं!"

ते तिलाही ठाऊक होतं, म्हणून तिला मान वर करवेना. मी माझी पर्स उचलली आणि तिला तशीच नळापाशी सोडून निघाले.