समोरून चालत आलेली बाई

मित्रांनो, कार्टून पाहून तुम्ही पोट धरून हसता, तेव्हा त्यापायी किती पेन्सिली झिजल्या असतील याची तुम्हांस कल्पना नसते. मला आहे, कारण मी एक जुनी प्रकाशपेटी आहे. माझ्या काचेखाली ट्यूबलाइट आहे. काचेवरील चित्रावर कोरा कागद ठेवला की खालचे चित्र वर उमटून दिसते, आणि चित्रकार पुढील चित्र किंचित बदलून काढतो. अशी पुष्कळ चित्रे भराभर दाखविली की चित्रातील माणूस चालू लागतो.

माझा जन्म दारव्ह्याचा. माझी काच मूळची मिठाईच्या दुकानातील. टीव्ही दुरुस्त करणाऱ्या मुख्तारभाईंनी तिला सागवानी चौकट ठोकली व मला गल्लीतील चित्रवेड्या उर्वशीच्या स्वाधीन केले. ते म्हणाले, "घे बेटी. आजवर हिच्यामांगं लाडू बसत होते, आता हिच्यावर तुह्ये चित्रं बसू दे." पुढे वर्षभर मुंग्यांनी माझा पिच्छा सोडला नाही, हेही नम्रपणे नमूद करते.

ते कापसाच्या पडत्या भावाचे दिवस होते. भाव चढेल या आशेने लोक कापूस घरातच ठेवीत. उर्वशीच्या घरीही खोली आढ्यापर्यंत भरली होती व उरलेल्या कोपऱ्यात मी होते. साठवलेल्या कापसाने अंगाला खाज सुटे. उर्वशी एका हाताने चित्र काढी आणि दुसऱ्याने मान खाजवी.

कापूस वेचता वेचता पाखरांची भांडणे सोडविणारी फुलाबाई, ही तिची मालिका. मुंबईच्या एका कंपनीला तिने एका मिनिटाचा नमुना पाठविला. उत्तर आले: "कथा गोड आहे. परंतु बाई समोरून येताना चालत नाही, घसरते. आठ दिवसांत सुधारा, अन्यथा आम्ही दुसरी मालिका घेऊ."

उर्वशीने पाच दिवस चित्रे काढली आणि खोडली. पाठमोरी फुलाबाई झोकात चाले. समोरून मात्र निर्जीव. सहाव्या दिवशी तिची आई रुखमाबाई शेतातून आली आणि माझ्यावर वाकली.

"काहून वं, हिच्या ओटीत कापूस हाय का हवा?"

"कापूसच हाय, माय."

"मंग वजनानं मांगं झुकन का नाही ते बाई? पाय फाकवून टाकन! ही तं वरातीत मिरवून राह्यली."

उर्वशीची पेन्सिल थांबली. "मले कसं माहीत असन? मी लहानपणापासून तुह्या मांगं मांगंच बोंडं वेचली. तुही पाठच पाह्यली मी."

 रुखमाबाईंनी लुगड्याची ओटी बांधली, ढिगातील कापूस त्यात ठासून भरला आणि चुलीपासून आमच्या खोलीच्या दारापर्यंत लेकीकडे चालत आल्या. एकदा नव्हे, एकोणीस वेळा.

"झालं का वं? घामाघूम झाली मी."

"अजून एक डाव, माय. डावा पाय राह्यला."

आठव्या दिवशी चित्रे रवाना झाली. मालिका मंजूर झाली, सव्वीस भाग निघाले. पुढे उर्वशीने आणखी तीन मालिका केल्या. आता तिचे नागपुरात कार्यालय आहे. तेथे संगणक आले आणि माझ्यावर लोक चहाचे कप ठेवू लागले. मी रागावले नाही. फार रागावले नाही. मित्रांनो, जुन्या वस्तूंना अधूनमधून पुसत चला, एवढीच विनंती. आणि जो माणूस रोज तुमच्या पुढे चालतो, त्याला एकदा पुढे जाऊन समोरून पाहा.

शेवटी पहिल्या भागाचा रविवार सांगते. कापूस तेव्हा विकला गेला होता, म्हणून खोलीत सारी गल्ली मावली. मुख्तारभाईंचा टीव्ही लागला आणि भरल्या ओटीने फुलाबाई समोरून आली. शेजारच्या मोतीबाई ओरडल्या, "अवं रुखमा, ही तं तूच हाय!"

रुखमाबाईंनी पडद्यावरून नजर हटविली नाही.

"चूप राह्य वं. मी बी मले समोरून पयल्यांदाच पाहून राह्यली."