पान चार, खालचा फोटो

दर महिन्याच्या सुरुवातीला इसोमुरा सेन्किची आजोबांच्या खोलीत त्यांचं गाव यायचं. टपालाच्या जाड पाकिटातून, एका चकतीवर बसून.

त्या गावाची, जपानमधल्या उरामिनातोची, नगरपालिका महिन्याला एक पत्रिका काढते. सभेत काय ठरलं, कचरा कुठल्या वारी, लस कुठे, रहिवाशांनी कशावर सूचना द्यायच्या, सगळं त्यात असतं. ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी गावातले स्वयंसेवक ती वाचून रेकॉर्ड करतात. त्यांना नियम एकच: फोटोत दिसेल तेवढंच सांगायचं, पदरचं काही घालायचं नाही.

आजोबा चकती लावत, उशीला टेकत आणि वाचणाऱ्या बाईंचा आवाज सुरू होई. "पान एक. नगराध्यक्षांचं मनोगत." हे मनोगत आजोबा दर वेळी डुलकीत घालवत. त्याबद्दल त्यांना कुणी दोष देऊ नये, डोळस लोकही तेच करतात. जाग यायची ती बरोबर चौथ्या पानाला. "पान चार. खालचा फोटो. छप्पर असलेली बाजारपेठ. रंगीत कागदाच्या माळा. लोकांची गर्दी."

मग आजोबा निघत. स्टेशनच्या बाजूनं बाजारपेठेत शिरत. छपराच्या पिवळट पत्र्यांतून झिरपणारा उजेड, त्यात संथ पोहत असल्यासारखी माणसं, टोपीवाल्याची काच, वडे तळणाऱ्या कुसाकाची कढई, आणि सगळ्यात शेवटी, भाड्याच्या गाळ्यात, त्यांचं स्वतःचं शिक्क्यांचं दुकान. नजर अधू होईपर्यंत त्यांनी तिथे लोकांच्या नावांचे शिक्के कोरले होते, भर दुपारी दिवा लावून. बायको फुमियो मागे चहा ठेवायची. ती गेली आणि आजोबा टेकडीपलीकडच्या वृद्धाश्रमात आले. आश्रमात काम करणाऱ्या मुली परगावच्या. भेटायला येईल असं कुणी उरलं नव्हतं. गाव होतं ते एवढंच, चकतीवरचं.

एकदा त्यांनी एका मुलीकडून पालिकेला पत्र लिहून घेतलं होतं: कुसाकाच्या कढईतून अजून वाफ येते का? पुढच्या महिन्यात आवाज जरासा थांबला आणि म्हणाला, "फोटोच्या कोपऱ्यात, कोरोक्के तळणाऱ्या दुकानातून वाफ निघते आहे." बटाट्याच्या त्या गरम वड्यांचा वास आजोबांच्या खोलीत आठवडाभर होता. तेव्हापासून दर महिन्याला काहीतरी येऊ लागलं. टोपीवाल्याकडे पिवळी टोपी लागली. चहाच्या दुकानाबाहेर मांजर झोपलं. गाव कसं छान चाललं होतं.

आणि फेब्रुवारीच्या चकतीत, दुसऱ्याच पानावर, बाईंचा आवाज अडखळला. "बाजारपेठेचं छप्पर काढून टाकण्याचा प्रस्ताव नगरपालिकेच्या विचाराधीन आहे. रहिवाशांचं म्हणणं ऐकण्यासाठी रविवारी समाजमंदिरात सभा."

आजोबा ताडकन उठून बसले.

"मला जायचंय," त्यांनी आश्रमातल्या मुलीला सांगितलं.

"आजोबा, थंडी केवढी आहे! आणि तुम्हाला काय करायचंय त्या छपराचं?"

"माझं दुकान आहे त्याच्याखाली. गाडी सांग, नाहीतर चालत जाईन."

चालत ते फाटकापर्यंतही पोचले नसते, पण गाडी मिळाली.

समाजमंदिर बाजारपेठेच्या तोंडाशीच आहे. निशिवाकी नावाच्या तरुण कारकुनानं छपराचा सांगाडा किती गंजलाय, दुरुस्तीला काय लागेल ते घडाघडा सांगितलं. मग "कुणाला बोलायचंय का?" म्हणून विचारलं. अशा वेळी सगळे जसे बुटांकडे बघतात, तसे सगळे बुटांकडे बघू लागले. आजोबा काठी टेकत उठले.

"छप्पर जुनं झालंय, कबूल. आम्हीपण झालोय. पण कुसाकाच्या कढईपुढे शाळेतली पोरं उभी असतात, त्यांच्या डोक्यावर बर्फ पाडणार का तुम्ही? टोपीवाल्यानं आत्ता कुठे पिवळी टोपी लावलीय काचेत, ती भिजवणार? चालती पेठ आहे. तिला हात कशाला लावता?"

"अहो आजोबा, कुठल्या गावचं बोलताय?" मागून कुणीतरी म्हणालं. "कुसाका जाऊन काळ लोटला! शटरं आणि कबुतरं, दुसरं आहे काय तिथे?"

लोक हसले. मग त्यांचं लक्ष पांढऱ्या काठीकडे गेलं आणि हसू एकदम थांबलं. ते थांबणं आजोबांना जास्त लागलं.

"मी दर महिन्याला ऐकतो," ते म्हणाले. त्यांचा आवाज बारीक झाला होता. "पान चार. खालचा फोटो."

कोपऱ्यात खुर्ची सरकली. "ते मी वाचते," बाईंचा आवाज म्हणाला. तोच आवाज, पण यंत्रातला नव्हे, याच खोलीतला, आणि धाप लागलेला. "ओगाता मित्सुए. वाफ मीच घातली. टोपीपण. गर्दीचा फोटो तर जुन्या सणाचा, पालिका दर महिन्याला तोच छापते."

आजोबा काठी टेकत बाहेर पडले. त्यांच्या डोक्यातल्या पेठेतले दिवे एकेक करून विझत होते आणि त्यांना कुठेच हात टेकता येत नव्हता. मित्सुए बाई मागून धावत आल्या.

"इसोमुरा-सान, ऐका तरी..."

"काय ऐकू? इतकी वर्षं ऐकलंच की! चांगलं वेड्यात काढलंत म्हाताऱ्याला." ते काठी आपटत म्हणाले. "नगरपालिका खोटं बोलते ते आपण धरूनच चालतो. तुमच्यावर मी विश्वास ठेवला होता."

"तुमचं पत्र आलं त्याच महिन्यात कुसाकांचं दुकान बंद झालं होतं. मला सांगवेना. आणि एकदा वाफ सोडल्यावर ती बंद कशी करायची?" बाई रडत होत्या, पण सारवासारव करत नव्हत्या. "मी तर नवऱ्याच्या बदलीनं इथे आले. मी ही पेठ भरलेली कधी बघितलीच नाही."

आजोबांनी काठी दुसऱ्या हातात घेतली. पत्र्यांवरचा बर्फ वितळून कुठे कुठे ठिबकत होता.

"चला," ते म्हणाले. "दाखवा मला. फोटो सांगता तसं. असेल तेवढंच."

त्यांनी बाईंच्या कोपराला धरलं. पेठेत दोघांच्याच पावलांचा आवाज होता, आणि वर कबुतरांचा.

"उजवीकडे शटर. बंद. खालून गंजलेलं."

आजोबांनी शटरवर तळवा ठेवला. "टोपीवाला. डोक्याचं माप घेताना गुदगुल्या करायचा मेला. पुढे?"

"शटर. बंद. 'भाड्याने देणे' असा कागद, पिवळा पडलेला."

"चहाचं दुकान. मांजर खरंच होतं हं. चावरं होतं." बाईंना रडता रडता हसू आलं. "पुढे बोला."

असे ते चालत राहिले. बाई आहे ते सांगत, आजोबा होतं ते सांगत. कुसाकाच्या शटरला आजोबांनी नाक लावलं. नुसत्या लोखंडाचा वास आला. तरी ते तिथे जरा जास्त थांबले.

पेठेच्या शेवटाला बाई थांबल्या.

"बोला."

"इसोमुरा-सान..."

"फोटोत काय आहे?"

"काहीच नाही," बाई म्हणाल्या. "मोकळी जागा. वाळलेलं गवत. जागेच्या मालकानं दुकान पाडलं. वरचे पत्रेसुद्धा काढलेत इथले."

आजोबांनी त्यांचा कोपर सोडला आणि काठीनं चाचपत आत पाऊल टाकलं. उंबरठा नव्हता. इथे टेबल, इथे दिवा, आणि इथे मागे फुमियो, असं मोजत ते मध्यावर उभे राहिले. त्यांना इतकं एकटं कधीच वाटलं नव्हतं. मग त्यांनी चेहरा वर केला.

"हे उबदार काय लागतंय?"

"ऊन आहे."

"माझ्या दुकानात?"

"हो. सगळीकडे पडलंय."

आजोबा हलले नाहीत. "जन्मभर या अंधारात डोळे फोडले मी," ते हळूच म्हणाले. "फुमियो म्हणायची, एक खिडकी काढा. कुठून काढणार? वर छप्पर."

निशिवाकी पत्रिकेच्या फोटोसाठी कॅमेरा घेऊन मागून आला होता. तो चाचरत म्हणाला, "आजोबा, तुमचं मत काय लिहू? छप्पर ठेवायचं?"

"काढा," आजोबा म्हणाले. "सगळंच काढा."

पुढच्या महिन्यात पाकीट आलं. ते दोन दिवस आजोबांनी उघडलंच नाही. तिसऱ्या दिवशी चकती लावली, आणि नगराध्यक्षांच्या मनोगतात या वेळी डुलकी काही आली नाही.

"पान चार. वरचा फोटो. बाजारपेठ. दोन्ही बाजूंना शटरं, सगळी बंद. माणूस नाही." आवाज जरा थांबला. "यापुढचं फोटोत नाही. हे इसोमुरा-सान यांनी सांगितलेलं आहे." मग टोपीवाला आला, त्याच्या गुदगुल्या आल्या, चावरं मांजर आलं. आजोबा डोळे मिटून ऐकत राहिले.

"खालचा फोटो. मोकळ्या जागेत एक म्हातारे गृहस्थ उभे आहेत. हातात पांढरी काठी. चेहऱ्यावर ऊन. ते हसत आहेत का, हे फोटोत नीट दिसत नाही."

"नव्हतो हसत," आजोबा यंत्राला म्हणाले, आणि हसले.