उबुकाताकाकांचा ताप

कानाझावाच्या मासळीबाजारात एकोणचाळीस वर्षं लिलाव पुकारलेले उबुकाताकाका आमच्या वॉर्डात आले, तेव्हा त्यांचं तोंड जेमतेम दीड बोट उघडत होतं. गालाचा कॅन्सर. दोन ऑपरेशनं झाली, किरणोपचार झाले, तरी तो परत आला होता. काका दातांतल्या दातांत बोलायचे, पण टोमणा मारायचा राहत नसे. "तोमोए," ते मला म्हणाले, "तू सुई टोचतेस की मासा साफ करतेस?"

त्यांच्यावर जे करायचं होतं ते आधी कुठल्याच पेशंटवर आमच्याकडे झालं नव्हतं. कुरामोची बाई प्रकाशाच्या डॉक्टर, निशिकोरी पेशींचे. आधी गाठीला चिकटणारं औषध शिरेतून द्यायचं. दुसऱ्या दिवशी गालात लाल प्रकाश सोडायचा, की औषध चिकटलेल्या पेशी फुटतात. तरी कानाकोपऱ्यात काही उरतातच. त्यांच्यासाठी काकांच्याच रक्तातल्या लढाऊ पेशी महिनाभर आधी काढून, त्यांना कॅन्सर ओळखायला शिकवून वाढवून ठेवल्या होत्या.

"नुसत्या माझ्या पेशी गाठीच्या बाहेरच घुटमळतात," निशिकोरी म्हणाले. "बाईंच्या प्रकाशानं आत जायला वाट होते. शिवाय फुटलेल्या पेशी आरडाओरडा करून त्यांना बोलावून घेतात."

"आरडाओरडा असेल तर मला समजतं," काका म्हणाले आणि त्यांनी सही केली.

प्रकाशाचं काम पाच-सहा मिनिटांत उरकलं. पण औषध अंगात असेपर्यंत उजेड वर्ज्य. पडदे ओढलेल्या खोलीत काका आणि त्यांच्या बायको सुमिएकाकू दिवसभर पत्ते कुटत बसायचे, आणि काकू बिनदिक्कत लबाडी करायच्या.

"अहो, हरलात."

"हा पत्ता तू मघाशीच टाकला होतास."

"दिसला का तुम्हाला?"

"नाही."

"मग वाटा गुपचूप."

चौथ्या दिवशी निशिकोरी पेशींची पिशवी घेऊन आले. वर्षानुवर्षांची मेहनत, आणि आत तांदूळ धुतल्यासारखं कपभर पाणी. काकांनी ती डोळ्यांजवळ नेऊन पाहिली.

"एवढंच? बाजारात या मापाला कुत्रं विचारणार नाही."

पेशी शिरेतून चढवल्यावर तिसऱ्या दिवशी सकाळी काकांना एकोणचाळीस पूर्णांक चार अंश सेल्सिअस ताप होता. गाल टरारून सुजलेला. मी दोघांना फोन लावला. निशिकोरी एका पायात चप्पल आणि एका पायात नुसता मोजा अशा अवतारात धावत आले. त्यांनी गालाला हलकेच हात लावला आणि ते चक्क हसायला लागले. मागून आलेल्या कुरामोची बाईंनी गाल पाहिला. त्याही हसल्या.

"माझा नवरा भट्टीसारखा तापलाय," सुमिएकाकू उभ्या राहिल्या, "आणि तुम्ही दोघं दात काढताय? शिकलेली माणसं ना तुम्ही?"

कुरामोची बाई कमरेत वाकल्या. "चुकलं आमचं, काकू. पण सूज बघा. जिथे प्रकाश टाकला होता, बरोबर तिथेच आहे. पेशी आत पोचल्यात."

"मग त्यांना म्हणावं, जरा हळू."

त्यासाठी औषध होतंच. सूज घशाकडे सरकली तर श्वास अडेल, म्हणून दोन दिवस आम्ही काकांच्या उशाशी आळीपाळीनं बसून काढले. हसू केव्हाच ओसरलं होतं. काकूंनी पत्त्यांना हात लावला नाही. पाचव्या दिवशी ताप उतरला आणि काकांनी पहिला प्रश्न विचारला, "खायला काय आहे?"

दीड महिन्यानं गालाच्या सहा जागांचे तुकडे तपासायला गेले. रिपोर्ट आला त्या दुपारी निशिकोरींनी तो आमच्यासमोर वाचला. मग पुन्हा वाचला. तिसऱ्यांदा कुरामोची बाईंनी कागद हिसकावून घेतला.

"सहाही ठिकाणी काही नाही," त्या म्हणाल्या.

"काही नाही म्हणजे काही कळलं नाही?" काकूंनी विचारलं.

"म्हणजे कॅन्सर नाही. आत्ता तरी कुठेच दिसत नाही. पुढे तपासत राहावं लागेल, आणि एका माणसावरून—"

पुढचं कुणी ऐकलंच नाही. निशिकोरी भिंतीला टेकून खाली बसले आणि हसता हसता त्यांना उचकी लागली. काकूंनी त्यांच्या पाठीत असा दणका घातला की उचकी थांबली आणि चष्मा पडला.

तेवढ्यात काकांनी तोंड उघडलं. अडीच बोटं. बिछान्यावर गुडघे टेकून त्यांनी जेवणाच्या ताटातला उकडलेला सलगम वर धरला. आठ महिने कुणी न ऐकलेला त्यांचा लिलावाचा आवाज खोलीभर घुमला. फाटका, घोगरा, पण वारं लागलेल्या होडीसारखा सुसाट.

"बोला, बोला! हॉस्पिटलचा सलगम, मिठाचा स्पर्श नाही, कोण घेतंय?"

"मी," निशिकोरी जमिनीवरूनच म्हणाले. "एक आठवडा प्रयोगशाळेचा फ्रिज पुसतो."

"दोन आठवडे," कुरामोची बाईंनी बोटं दाखवली.

"तीन!"

शेजारच्या खोलीतल्या आजी उठून दारात आल्या होत्या आणि त्याही हात वर करत होत्या. माझी ड्यूटी होती. सगळ्यांना गप्प करायला म्हणून मी पंजा उंचावला.

"पाच आठवडे! गेला, तोमोएला गेला!" काकांनी मांडीवर थाप मारली.

"काका, मी बोली लावली नव्हती."

"लिलावात हात वर झाला की झाला. एकोणचाळीस वर्षं हेच सांगत आलोय."

मी काकूंकडे पाहिलं. त्या पदर नसल्यामुळे पडद्यालाच डोळे पुसत होत्या आणि खांदे हलवून हसत होत्या. त्यांनी माझ्या हातात चॉपस्टिक ठेवल्या. तो गार सलगम संपेपर्यंत कुणी मला जागचं हलू दिलं नाही.